साडूचा वध : प्रकरण अकरावे

पुस्तिकाकारांची मुलगी जेवता जेवता पुस्तक वाचत होती, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पंधराव्या वर्षी मुलं जेवता जेवता याहून वाईट उद्योग करतात. तक्रार होती ती पुस्तकाबद्दल. ते पुस्तक त्यांच्या साडूने लिहिलेलं होतं आणि मुलगी ते तिसऱ्यांदा वाचत होती.

साडू व्यवसायाने दंतवैद्य. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्याने किशोरवयीन मुलांसाठी एक कादंबरी लिहून टाकली होती. हे 'लिहून टाकली' त्याचंच. कुणी विचारलं की तो हसून म्हणायचा, "काही नाही हो, सुचली, लिहून टाकली." जणू घशात खवखवलं म्हणून चूळ भरून टाकली. गावातल्या वाचनालयाच्या किशोर कट्ट्याने त्याचा सत्कार केला, तेव्हा सही घ्यायला मुलांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्या रांगेत पुस्तिकाकारही उभे होते. मुलीला दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि तिची प्रत हातात देऊन बायकोने त्यांना पिटाळलं होतं. साडूने मान वर न करता त्यांनाही विचारलं, "नाव काय लिहू, बाळा?"

आता खरं सांगायचं, तर लेखक म्हणून पुस्तिकाकारांची योग्यता कमी नव्हती. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते माहितीपुस्तिका लिहायचे. मिक्सर, गीझर, इस्त्री, खोली तापवायचं यंत्र, यांच्या खोक्यात वर जी पातळ पुस्तिका असते ती त्यांच्या लेखणीतून उतरलेली असायची. छापील प्रतींचा हिशेब काढला तर साडूला त्यांच्या नखाचीही सर आली नसती. घराघरांत त्यांचं साहित्य पोचलं होतं. फक्त ते कुणी वाचत नव्हतं. लोक खोकं फोडायचे, पुस्तिका थर्माकोलसकट बाजूला टाकायचे आणि बटण दाबायचे. फार कशाला, खुद्द त्यांच्या बायकोने नवा मिक्सर पुस्तिका न वाचता लावला, आणि तो लागलीच व्यवस्थित चालला. ही गोष्ट त्यांना अजून खुपत होती.

साडूचं सगळंच असं व्यवस्थित चालायचं. तो गाडी एका झटक्यात दोन गाड्यांच्या मध्ये लावायचा. सफरचंदाची साल एकसंध काढायचा आणि ती लांबलचक साल पोरांपुढे नाचवायचा. जिना चढताना शिट्टी वाजवायचा, तीही सुरात. वयाने पुस्तिकाकारांपेक्षा लहान, पण डोक्यावर केस मात्र दोघांच्या वाटणीचे. आणि माणूस म्हणून वाईट असता तर निदान उघडपणे चडफडता तरी आलं असतं. तीही सोय त्याने ठेवली नव्हती. पुस्तिकाकारांची दाढ त्याने फुकट काढून दिली होती. दुखलीसुद्धा नव्हती.

त्या रात्री मुलीने पुस्तक मिटलं, उसासा टाकला आणि म्हणाली, "काका कसले भारी आहेत ना." पुस्तिकाकारांनी घास तसाच खाली ठेवला आणि मनाशी ठरवलं की आपणही कादंबरी लिहायची. साहित्याची सेवा वगैरे त्यात काही नव्हतं. मुलीने त्यांचं काहीतरी असंच ताटापाशी घेऊन बसावं आणि आमटी गार व्हावी, एवढीच इच्छा होती. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही? कादंबरी?" या दोन शब्दांतल्या कुठल्या शब्दावर तिला जास्त आश्चर्य वाटलं, याचा त्यांनी विचार करायचं टाळलं.

विषय घरातच होता. कंपनीत पूर्वी अगदी उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला एक इंजिनिअर येऊन गेला होता. जाताना त्याने पुस्तिकाकारांना आपल्याकडची एक जुनी वीरगाथा भेट दिली होती. कंपनीत पुस्तक या वस्तूशी संबंध असलेला तेवढा एकच माणूस त्याला दिसला असावा. गाथा अशी, की समुद्रकाठी शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घराण्यांच्या हद्दीवर, बरोबर मधोमध, एक मेलेला देवमासा येऊन लागतो. तो कुणाचा, यावरून एक माणूस मरतो. त्याची आई जाहीर करते की सूड घेतल्याशिवाय घरात चूल पेटणार नाही. मग गारठलेले मुलगे कुऱ्हाडी घेऊन निघतात आणि दोन्ही घराण्यांत दिवा लावायलाही माणूस उरत नाही तोपर्यंत मारामारी चालते. मासा दरम्यान केव्हाच कुजून गेलेला असतो. पुस्तिकाकारांना ही गाथा पहिल्यापासून पटली होती. ते सोसायटीत राहत होते.

हल्लीच्या मुलांना भविष्यकाळ लागतो आणि तो काळाकुट्ट लागतो, हे त्यांनी मुलीच्या कपाटावर नजर टाकून ताडलं. म्हणून त्यांनी गाथा उचलून पुढच्या शतकात नेली. सूर्य धुराआड गेला आहे, वीज संपली आहे, माणसं दोन वस्त्यांत अंधारात राहतात, आणि दोन्ही वस्त्यांच्या हद्दीवर, बरोबर मधोमध, बॅटऱ्यांनी भरलेला एक अजस्र बेवारस ट्रक येऊन बंद पडतो. देवमाशाच्या जागी ट्रक. ही कल्पना सुचली तेव्हा ते स्वतःवर इतके खूश झाले की कचेरीत त्यांनी इस्त्रीच्या पुस्तिकेत गीझरच्या तापमानाचा तक्ता घातला.

नायक होता एक पहारेकरी. मितभाषी, जबाबदार, डोक्यावर केस कमी, वरून साधा पण आतून फार खोल. तो कुणावरून घेतला होता हे सांगायला नको.

पहिलं प्रकरण मुलीला वाचायला दिलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." शेजारच्यांचं नवजात बाळ पाहून आली तेव्हाही ती याच आवाजात छान म्हणाली होती.

"काय काय छान आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळंच. फक्त कुऱ्हाड कशी धरायची, ते दीड पान आहे."

"वातावरणनिर्मिती आहे ती."

"हो, पण शेवटी लिहिलंय की वापरानंतर पातं कोरड्या फडक्याने पुसावं आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावं." ती थोडी थांबली. "आणि ते लहान मुलांनाच मारायला निघालेत, बाबा."

कागद टेबलावर ठेवून ती आत गेली. जाता जाता तिने कपाटातून काकांचं पुस्तक काढलेलं त्यांना दिसलं. चौथी खेप.

माणसाचा असा पाणउतारा झाला की तो सल्ला मागतो, आणि इथेच पुस्तिकाकार चुकले. समोरच्या दारात विम्याचं काम करणाऱ्या बाई राहत. कादंबरीत बरीच माणसं मारायची होती, तेव्हा मरणातलं कळणाऱ्या माणसाला विचारावं म्हणून ते त्यांच्याकडे गेले. बाईंनी यादी ऐकली आणि एकेका मृत्यूवर शेरा मारत गेल्या. कुऱ्हाडीने मेलेल्यांचं ठीक होतं, पण बर्फात गोठून मेलेल्याचा दावा त्यांनी स्वतः नामंजूर केला असता, कारण माणूस थंडीत कोट न घालता गेला होता. शेवटी त्यांनी सहज विचारलं, की यात विम्याचं काम करणारी कुणी आहे का. नाही म्हणायची हिंमत न होऊन पुस्तिकाकारांनी एक बाई घातली. ती पाचव्या प्रकरणात तापाने गेली.

संध्याकाळपर्यंत बातमी चेअरमनांकडे पोचली. चेअरमन म्हणजे सोसायटीत ज्यांच्या परवानगीशिवाय झाडाचं पान हलायचं नाही, आणि हललं तर ज्यांची नोटीस लागायची, ते. ते चहाला आले, दोन वस्त्या आहेत म्हटल्यावर त्यांचं व्यवस्थापन कोण पाहतं अशी चौकशी केली आणि एका अनुभवी प्रशासकाचं पात्र असावं असं सुचवून गेले. पुस्तिकाकारांनी मोठ्या मनाने तेही घातलं. पण गाथेच्या रेट्यात तिसऱ्या प्रकरणातच ट्रकवरून पाय घसरून प्रशासक मेला. चेअरमनांनी ते वाचलं. दुसऱ्या दिवसापासून पुस्तिकाकारांच्या नळाचं पाणी दुरुस्तीसाठी बंद झालं.

प्रशासकाला उठवून पुन्हा मारावं लागलं. आता तो फाटकावर उभा राहून, छातीत भाला घेऊन, दोन्ही वस्त्यांना उद्देशून सव्वादोन पानं भाषण करून मेला. नळाला पाणी आलं. ते येतं न येतं तोच विमावाल्या बाई दारात हजर. त्यांना भाल्याबद्दल कळलं होतं. त्या म्हणाल्या की मला काही मोठेपणाची हौस नाही, पण त्यांना भाला आणि आम्हाला ताप, हा न्याय कुठला. मग बाईंना आगीत उडी घालायला लावली. आगीचं ऐकून चेअरमन अस्वस्थ झाले. त्यांना भाषणाच्या शेवटी वीज कडाडलेली हवी होती. पुस्तिकाकारांनी कळवळून सांगितलं की कथेत वीज संपलेली आहे, सगळी कथाच त्यावर उभी आहे. चेअरमन म्हणाले, आमच्या मरणापुरती सोडा की.

एवढ्या सगळ्यात मूळ कादंबरी रेंगाळत होती. पहारेकरी पानंच्या पानं जबाबदारीने उभा होता आणि त्याच्या हातून काही घडत नव्हतं. त्याला एक तोलामोलाचा वैरी हवा होता. एका रविवारी दुपारी साडूकडून जेवून आल्यावर (साडूने सफरचंद सोललं होतं, मुलीने ती साल गळ्यात घातली होती) पुस्तिकाकार तावातावाने टेबलाशी बसले आणि त्यांनी पलीकडच्या वस्तीचा म्होरक्या लिहायला घेतला. नाव ठेवलं शिट्टीवाला.

काय सांगावं, लेखणी थांबेना. शिट्टीवाला अंधारात शिट्टी वाजवत चालायचा आणि घाबरलेल्या पोरांना त्यावरून कळायचं की आपलं माणूस येतंय. तो हसायचा तेव्हा आधी डावा गाल हलायचा. ऐकताना मान किंचित तिरकी करायचा, की समोरच्याला वाटावं, जगात आपल्याखेरीज कुणी बोलतच नाही. दुखणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवताना तो आधी हात चोळून गरम करून घ्यायचा. त्याचं देखणेपण, सहजपण, लोकांनी त्याच्यावर ओवाळून टाकलेला जीव, हे सगळं पुस्तिकाकारांनी मत्सराने दातओठ खात लिहिलं. एकही वाक्य खोडावं लागलं नाही. कुठेही सावधानतेची सूचना आली नाही. हे सगळं त्यांनी मारण्यासाठी जमवलं होतं. कुणाला मारायचंय ते आधी नीट दाखवलं पाहिजे, असा त्यामागे शुद्ध कलात्मक हेतू होता, असं ते स्वतःला सांगत होते.

आणि अकराव्या प्रकरणात त्यांनी त्याला मारलं. ट्रकच्या दारात, स्वतःच्या माणसांना आधी बाहेर काढताना, मागून. पहारेकऱ्याच्या हातून. लिहून झाल्यावर ते उठले, आरशात पाहिलं, भांग पाडण्याजोगं जे काही होतं त्याचा भांग पाडला आणि बायकोला म्हणाले की आज फार बरं वाटतंय. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. त्यानंतर बाराव्या प्रकरणात पहारेकरीही थोर मनाने मेला आणि कादंबरी संपली.

बाड घेऊन ते वाचनालयात गेले. किशोर कट्टा दर वर्षी एका नव्या लेखकाचं पुस्तक छापायचा. साडूचंही तसंच छापलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज तपासला आणि विचारलं की ही गोष्ट तुमची का. पुस्तिकाकारांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मूळ एक जुनी गाथा आहे. इथे प्रामाणिकपणा नडला. दुसऱ्याच्या कथेवर आधारित असेल तर मूळ लेखकाचं ना हरकत पत्र जोडावं लागतं, असा नियम होता.

"मूळ लेखक कित्येक शतकांपूर्वी वारला," पुस्तिकाकार म्हणाले.

"मग वारसांचं आणा."

"तो कोण होता हेच कुणाला माहीत नाही."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे नाव नसलेल्या माणसाची गोष्ट तुम्ही न विचारता उचलली," तो म्हणाला, आणि रांगेतल्या दोघांनी पुस्तिकाकारांकडे वळून बघितलं. साडूला हे काही करावं लागलं नव्हतं. त्याला सुचली, लिहून टाकली. सरतेशेवटी चेअरमन मदतीला धावले. आपण भाला खाऊन मेलो आहोत ते छापून यावं, ही कळकळ त्यांनाही होतीच. सोसायटीच्या शिक्क्यानिशी त्यांनी दाखला दिला, की सदर मूळ लेखक आमच्या सोसायटीत राहत नाही व पूर्वीही राहत नव्हता आणि त्याची कोणतीही तक्रार आमच्याकडे आलेली नाही. कारकुनाचं शिक्का पाहून समाधान झालं. त्याने बाड ठेवून घेतलं आणि सांगितलं की आता कट्ट्यातल्या ज्या मुलाचा नंबर असेल तो वाचेल, आणि त्याने शिफारस केली तर पुढे.

दोन दिवसांनी मुलगी वाचनालयातून आली ती ते बाड छातीशी धरून. तीही कट्ट्यात होती आणि नंबर तिचाच होता.

"बाबा, मला वाचावंच लागेल," ती जरा अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "नियम आहे."

जेवायच्या वेळी पुस्तिकाकार पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिथेच थांबले. मुलगी डाव्या हाताने पानं उलटत होती. उजव्या हातातला घास हातातच राहिला होता. आमटीवर साय धरली होती. बायको ओरडायला निघाली तर त्यांनी तिचा हात धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरल्याचं तिला आठवत नव्हतं, त्यामुळे तिचं ओरडणं राहून गेलं. दोघं तशीच उभी राहिली. पुस्तिकाकारांना आनंदाने भरून आलं. साडूचं राज्य संपलं होतं, खुद्द मुलीच्या ताटापाशी.

रविवारी साडू, मेहुणी आणि सफरचंदांची पिशवी अशी तिघं जेवायला आली. मुलगी आतल्या खोलीत अकरावं प्रकरण पुन्हा वाचत होती. दार उघडून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजून लाल झालेले होते. पुस्तिकाकार खुर्चीतून अर्धवट उठले. हात आपोआप पुढे झाले. मुलगी त्यांच्या हाताखालून सरळ पुढे गेली आणि साडूच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली.

"काका, तुम्ही मेलात," ती म्हणाली.

सगळ्यांनी साडूकडे पाहिलं. साडूने आधी स्वतःकडे पाहिलं. मग मुलीने सगळं सांगितलं. शिट्टी, डावा गाल, तिरकी मान, चोळून गरम केलेले हात. "हे तुम्हीच आहात. बाबांनी तुमच्यावर लिहिलंय. तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत आणि स्वतः राहिलात."

पुस्तिकाकारांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. आपण या माणसाचा मागून खून केला आहे आणि तो आता पुरावा वाचणार, एवढंच त्यांना कळत होतं. साडू खिडकीपाशी उभा राहून अकरावं प्रकरण वाचू लागला. वाचता वाचता खाली बसला. संपल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दादा," तो म्हणाला, "मी हात चोळतो हे मलाच माहीत नव्हतं. इतकं निरखून माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नाही. हिनेसुद्धा नाही." मेहुणीने भुवया उंचावल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. "मी लिहिलं ते नुसतं लिहून टाकलं हो. हे असलं मला सात जन्मांत जमायचं नाही. तुम्ही लिहायला बसलात हे कळल्यापासून पेशंटच्या तोंडात बघत होतो आणि मनात म्हणत होतो, दादा लिहितायत, आपलं आता काय होणार."

म्हणजे साडूही जळत होता. पुस्तिकाकारांना ज्या एका वाक्याची वर्षानुवर्षं वाट होती, ते हे. पण ते कानावर पडलं तेव्हा त्यांचं सगळं लक्ष मुलीकडे होतं. ती साडूच्या बाहीने डोळे पुसत होती.

"आणि तो पहारेकरी?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"कोण?"

"नायक."

"अच्छा, तो. ठीक आहे तो." मुलीने आठवून पाहिलं. "मरतो ना शेवटी? ते मी दात घासताना वाचलं."

आपण घडवलेल्या, आपण मारलेल्या, कागदाखेरीज कुठेही नसलेल्या त्या शिट्टीवाल्यावर पुस्तिकाकार त्या क्षणी इतके जळले, की प्रत्यक्ष साडूवरही तितके कधी जळले नव्हते.

मुलीने शिफारस केली. कट्ट्यातल्या बाकीच्या मुलांनीही बाड वाचलं आणि पुस्तक छापायचं ठरलं. चेअरमनांना भाला आणि विमावाल्या बाईंना आग कायम राहिली. मात्र एका संध्याकाळी मुलगी त्यांच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. स्वतःहून तिथे यायची तिची ही पहिलीच वेळ.

"बाबा, दुसरा भाग लिहाल?" ती म्हणाली. "तो मेला नव्हता असं करा. ट्रकच्या खाली जिवंत होता. प्लीज."

पुस्तिकाकारांनी तोंड उघडलं. गाथेत मेलेली माणसं परत येत नाहीत, आणि साडूला मारायला आपल्याला काय काय सोसावं लागलं, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. तोवर मुलीने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्या शेजारी बसली. कोऱ्या कागदाकडे पाहत, हनुवटीखाली हात घेऊन, आता काय होतं याची वाट पाहत. त्यांनी पेन उचललं. पहिलं वाक्य लिहिलं. ती पुढे वाकली आणि तिचं डोकं त्यांच्या खांद्याला टेकलं.

"मग?" ती म्हणाली.

साडूला उदंड आयुष्य लाभावं, असं पुस्तिकाकारांना जन्मात पहिल्यांदाच अगदी मनापासून वाटलं.